खडकपाड्याचे एकोणचाळीस नंबर

दिपमाला : ...आणि नाना, हे चौऱ्याऐंशी दिवसांचं पॅक आहे. रोज दोन जीबी, वर एक महिना फुकट. नव्या गिऱ्हाइकाला ही ऑफर मिळत नाही, फक्त जुन्यांना देतो, तुम्ही आमच्याच कंपनीत राहावं म्हणून. नंबर दुसरीकडे न्यायचा मेसेज केलाय ना तुम्ही, तो विचार तेवढा सोडा.

कुवरसिंग : झालं तुमचं बोलणं?

दिपमाला : हो, झालं.

कुवरसिंग : मंग आधी एक सांग बेटा. तू खरी बाई शे, का ती एक दाबा, दोन दाबा वाली?

दिपमाला : खरी आहे. दिपमाला नाव माझं. धुळ्याच्या ऑफिसातून बोलतेय.

कुवरसिंग : बरं झालं. तीन दिवस दाबी दाबी माझा अंगठा दुखायला लागला, माणूस काही लागला नही. मंग फैजपूरला जिनेशशेठच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. तो म्हणे, नाना, तुम्ही राहता तवर कंपनी तुम्हाला विचारत नही. जातो म्हणा, ती सोता फोन करीन.

दिपमाला : म्हणजे तुम्हाला जायचंच नव्हतं?

कुवरसिंग : ते आता तुमच्यावर शे.

दिपमाला : नाना, सकाळपासून तुमच्या खडकपाड्याचे एकोणचाळीस नंबर आलेत माझ्याकडे. सात जणांशी बोलले. सुकलाल, कुंदाबाई, अजून कोण कोण. एकानंही ऑफर ऐकून घेतली नाही. सगळ्यांचं एकच, कुवरसिंग नानाशी बोल.

कुवरसिंग : तसंच ठरलं शे. एक गोष्ट सात तोंडांतून गेली तर सात प्रकारची होते. म्हणून एकानंच सांगायचं.

दिपमाला : सांगा मग. रेंज नाही का येत?

कुवरसिंग : रेंज येते. आमची तक्रार नही बेटा, आमले आभार मानायचे शेत. तुमच्या कंपनीच्या टॉवरांवर गोपाल नावाचा माणूस शे. मोटारसायकलवर डिझेल आणतो, जनरेटर बघतो. फैजपूरला राहतो, दोन लेकरांचा बाप.

दिपमाला : ते ठेकेदाराचे लोक असतात, नाना. आमच्याकडे त्यांचं काही नसतं.

कुवरसिंग : ऐकून तर घे. मागच्या महिन्यात वादळ झालं, दोन दिवस लाईट नही. टॉवर बंद. माझी घरवाली गुंताबाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली, तिच्या टाचेला साप चावला. आम्ही एकशेआठला फोन लावतो तर फोन मुका. तेवढ्यात खालच्या रस्त्यानं गोपाल चालला होता. मागे डिझेलचा कॅन बांधेल होता. सुकलाल आडवा झाला त्याच्या गाडीला.

दिपमाला : मग गाडीवरच न्यायचं ना काकूंना.

कुवरसिंग : तिची मान उभी राहत नव्हती. पापण्या उघडत नव्हत्या. गाडीवर कशी बसवणार? गोपाल म्हणे, नाना, हे डिझेल हायवेच्या टॉवरचं शे, तुमच्या टॉवरले द्यायचा हुकूम नही. एवढं बोलला, मंग तिचा पाय बघितला. अर्धा कॅन आमच्या जनरेटरमधी ओतला, टॉवर चालू झाला, फोन लागला. अँब्युलन्स उनी. डॉक्टर म्हणे, अजून अर्धा तास गेला असता तर बाई हातची गेली असती.

दिपमाला : काकू आता?

कुवरसिंग : इथंच शे. माझ्यावर ओरडते पहिल्यासारखी.

दिपमाला : चांगलं आहे की मग.

कुवरसिंग : आमचं चांगलं शे. त्याचं नही. हायवेचा टॉवर तीन तास बंद पडला. ठेकेदार म्हणतो, तू डिझेल विकलं. एक तारखेपासून येऊ नको. गोपालनं खरं ते सांगितलं, तर म्हणे साक्ष कोण? साक्ष तर बठ्ठा पाडा शे, एकूण एक माणूस. पण आमले कोणी विचारलंच नही. आता तू विचारते, तर तुले सांगतो.

दिपमाला : नाना, खरं सांगू? माझ्या हातात फक्त पॅक आहेत. फार तर अजून एक महिना वाढवून देऊ शकते. माणसाला कामावर ठेवणं माझ्या हातात नाही.

कुवरसिंग : पॅक नको. तुम्ही विचारता ना, काय दिलं तर थांबाल? आमले गोपाल द्या.

दिपमाला : आणि नाही दिला तर? तुमच्या पाड्यावर दुसऱ्या कोणत्या कंपनीची रेंज येते?

कुवरसिंग : कोणाचीच नही.

दिपमाला : मग नंबर तिकडे नेलात तर फोन बंदच पडतील तुमचे. सगळे.

कुवरसिंग : पडतीन. आम्ही ते बी बोललो आपसात. पोरं सुरतेला कामाला शेत, त्यांचा आवाज ऐकायला नही मिळणार. कुंदाबाई रडली. तरी तिनं मेसेज धाडला. ज्यानं आमच्यासाठी टॉवर चालू केला, त्याले चोर म्हणून हाकललं, तर तो फोन कानाला लावायची लाज वाटीन बेटा.

दिपमाला : थांबा नाना. माझ्यापुढे एक फॉर्म असतो. जायचं कारण विचारतात. बिल, रेंज, सेवा, आणि शेवटी इतर. इतरमध्ये कोणी काही लिहीत नाही. मी लिहिते. काकूंना द्या फोन.

गुंताबाई : हॅलो. मी गुंताबाई.

दिपमाला : काकू, तुमच्या शब्दांत सांगा. आहे तसंच लिहिते.

गुंताबाई : माले जास्त बोलता नही येत. साप चावना. गोपालनं डिझेल ओतलं. मी वाचनू. त्यानं एक रुपया घेतला नही, चहा बी घेतला नही. त्याले चोर म्हणतीन तर माले जिवंत ठेवलं ती बी चोरीच म्हणा. लिहिलं?

दिपमाला : लिहिलं काकू. माझी आजी नशिराबादची, ती अशीच बोलते.

गुंताबाई : मंग आजीची आण शे तुले. वर दाखव ते.

(चार दिवसांनी, त्याच नंबरवर.)

दिपमाला : नाना, दिपमाला बोलतेय. दुकानात जाऊन नंबर बदलले तर नाही ना?

कुवरसिंग : नही. तुझी वाट बघत होतो. नंबर न्यायचा मेसेज केल्यावर कोड आला ना, तो आजच संपतो, जिनेशशेठ म्हणे.

दिपमाला : मग ऐका. आमच्या मोठ्या साहेबांनी यादी बघितली. ते म्हणाले, एकाच पाड्याचे एकोणचाळीस लोक चाललेत आणि जायला कुठे जागाच नाही, हे काय आहे? मला बोलावलं. मला वाटलं, आता माझीच नोकरी जाते. काकूंचं बोलणं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

कुवरसिंग : मंग?

दिपमाला : ठेकेदाराला बोलावलं. चोरीचं काढून टाकलं, नाना. गोपालभाऊ कामावर राहिले. लाईट दोन दिवस गेली तर तुमच्या टॉवरलाही डिझेल द्यायचं, असं लेखी निघालं.

कुवरसिंग : गुंता. ए गुंता, इकडे ये. राहिला तो... थांब बेटा, ती डोळे पुसते. मी बी.

दिपमाला : आठ महिने झाले मला या कामाला. रोज साठ जणांना म्हणते, जाऊ नका. लोक शिव्या देतात, फोन आपटतात. काल पहिल्यांदाच घरी जाऊन आईला कामावरची गोष्ट सांगितली, तुमची. तुमचे फार उपकार झाले माझ्यावर.

कुवरसिंग : उलटं बोलतेस, पोरी. उपकार तुझे शेत. पाड्यावर ये एकदा, चारोळी देईन घरची.

दिपमाला : येईन. पण गोपालभाऊंना सांगितलंत का तुम्ही सगळ्यांनी काय केलं ते?

कुवरसिंग : नही. आणि तू बी सांगू नको.

दिपमाला : का? त्यांना कळायला हवं ना.

कुवरसिंग : कशाला? आम्ही फेड केली असं वाटीन त्याले. त्यापेक्षा असं वाटू दे, का कंपनीलेच त्याची कदर शे.