ओढ्यापलीकडची जागा

मागचे पाय धरा, पुढचे नाही — हां, असे, आणि गुडघा द्या तिच्या कुशीत. बॉस्टनमध्ये डुकरांचे कान नाही का कापत? असो. इथे मोकाट सोडायची तर खूण लागते, खूण नसलेलं डुक्कर ज्याला सापडेल त्याचं — आणि गावचा कोंडवाडा माझ्याकडे, म्हणून कान कापायचा सुरा माझ्याकडेच. तुमची खूण डाव्या कानाला दोन खाचा. आधी एमॉस पीकची होती, आता मोकळी झालीये. मोकळी म्हणजे मोकळी हो, इफ्रेमभाऊ, पाय धरा.

जागेचं काय विचारताय, जागा सोन्यासारखी आहे. गावाच्या कुंपणाच्या दारातून निघालात की ही उतरण, मग ओढा, ओढ्यावर ओंडका टाकलाय, पलीकडे तुमचं कुरण — काळी माती, गवत कमरेएवढं. धुराडं तर उभंच आहे. नाही, घर नाही, नुसतं धुराडं, पण दगडी आहे, तेवढंच तुमचं काम वाचलं. कुरणामागे दलदल, दलदलीमागे टेकडी, टेकडीमागे ते लोक — निपमक, इथले मूळचे. शेजारीच म्हणायचे. पूर्वी यायचे की, हरणाचं मांस आणायचे, आमच्या बायका त्यांना पाव द्यायच्या. वोनामस म्हणून एक होता, तो तर माझ्या अंगणात बसून माझाच तंबाखू ओढायचा आणि वर त्याला नावं ठेवायचा. वाईट माणूस नव्हता. पण या लोकांची एक खोड — मका जमिनीत पुरतात. खोल पेव खणायचं, आतून झाडाची साल लावायची, अख्ख्या हिवाळ्याचं पोटाचं त्यात. आता डुकराला कोण सांगणार की बाबा, हे अमक्याचं पेव आहे?

एका थंडीत आमच्या डुकरांनी टेकडीमागची सगळी पेवं उकरली. वोनामस आला पंचांकडे. पंच म्हणाले, कुंपण घाल. तो म्हणाला, जमिनीच्या पोटाला कुंपण कसं घालतात ते दाखवा. आम्ही हसलो — हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा. बर्फ वितळेपर्यंत त्याची दोन पोरं गेली, भुकेनं. मग त्यानं आमचं एक डुक्कर मारलं नि खाल्लं. आता सोडून द्यायचं होतं की नाही? पण नाही, गावातली माणसं गेली, त्याला बांधून आणला — इथेच, तुम्ही उकिडवे बसलायत ना, तिथे — आणि त्याच्या कानाला खाचा पाडल्या. डाव्या कानाला दोन, एमॉसचं डुक्कर होतं ना ते. ही बघा किती किंचाळतेय, तो मात्र नुसता वर बघत होता माझ्या तों— सुरा धरणाऱ्याच्या तोंडाकडे. कोण म्हणजे? होतं कोणीतरी. सुरे काय, गावात पुष्कळ आहेत.

एमॉस? तो गेला सुगीच्या सुमाराला, भर सकाळी. नियम असा आहे की ते लोक चालून आले की ओढ्यापलीकडे राहणाऱ्यानं तीन बार काढायचे, म्हणजे आम्ही दार लावून घेतो. बंदूक गाव देतं, बंदुकीची दारू गाव देतं, जागा फुकट — उगाच का? एमॉसनं एकच बार काढला. पण पुरला तो आम्हाला, अडसर वेळेत बसला. मग तो पळत आला होता ओढ्यापर्यंत, बायकोला ओढत, आणि त्या ओंडक्यावर — राहू द्या ते. त्याला पुरताना डोक्याला फडकं बांधावं लागलं, कान नव्हतेच. बायकोला तर गोधडीतच — गप गं, झालंच तुझं. पण खरं सांगू, वोनामसला एमॉस नकोच होता, भाऊ. ओढ्याकाठी उभा राहून तो एकच नाव घेत होता, हात कोपरापर्यंत लाल, आवाज मात्र अगदी शांत. कुंपणाच्या फटीतून ऐकलं मी. माझं नाव होतं ते.

अहो, पाय का सोडलेत? गेली बघा, एका खाचेवरच गेली. आणि बायकोला हाका कशाला मारताय, तिला गाडीतून उतरू द्या की, पोरांना दूध देते माझी लेक. बैल का वळवताय? ऐका, टेकडीवर कित्येक दिवसांत धूर दिसलेला नाही. तीन बार काढायला वेळ मिळतो माणसाला, एमॉस घाबरट होता म्हणून, नाहीतर मिळतो. बंदूक नवी देऊ. माती काळी आहे, इफ्रेमभाऊ, हातात घेऊन तरी बघा. तुम्ही गेलात तर पलीकडे राहणार कोण? ओढ्याच्या अलीकडचं पहिलं घर माझं आहे हो.

बरं. जा मग. जाताना ते दार तेवढं ओढून घ्या — नको, राहू द्या, मीच लावतो.