कुकरच्या शिट्टीआधी

दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, ध्यानाच्या वर्गातलं रोज करतेस ना?"

"करते की. स्वयंपाकघरातच डोळे मिटते आणि एकेकाचं भलं चिंतते. मुलं, तुझा दादा, आई, अगदी वरच्या मजल्यावरची ती भांडकुदळ बाईसुद्धा."

"आणि स्वतःचं?"

"ते शेवटी. पण तोवर कुकरची शिट्टी होते."

"रोज?"

"रोजच."

"वर्गातल्या बाईंनी तर स्वतःपासून सुरुवात करायला सांगितलीय."

"बरं दिसतं का ते?"

"छातीत दुखतंय हेसुद्धा तू जिन्यात मटकन बसलीस तेव्हा कळलं आम्हाला!"

तेवढ्यात वहिनींचा नंबर पुकारला. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही जा आधी. किती खोकताय!"

"वहिनी, ऊठ. शिट्टी अजून झालेली नाही."