सासऱ्याची सही

...नाही हो मॅडम, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय कच्चा आहे — इकडे बसा. सूनबाई येईलच, कुणाचं तरी पोर त्याच्या आईकडे पोचवायला गेलीय. बघा, कर्ज मिळायच्या आधीच हमाली सुरू! तर तुम्ही बँकेतून. पाळणाघरासाठी कर्ज. पाळणाघर! अहो, पोरं सांभाळायला कर्ज लागतं कशाला? आमच्या हिनं तीन वाढवली, कुठली बँक आली होती? पण सूनबाईंना सगळं साग्रसंगीत हवं. बुटके संडास हवेत, भिंतीला धुता येणारा रंग हवा. मी म्हटलं, पोरं सांभाळणार आहेस की राजपुत्र? तर हसली. उलट बोलत नाही कधी, नुसती हसते — त्यानंच डोकं फिरतं माझं.

आता तुम्ही विचाराल, अनुभव काय. कसला डोंबलाचा अनुभव! आमच्या चिरंजीवांनी दुसरीकडे बिऱ्हाड थाटलं, सूनबाईला नि नातीला इथं टाकून — हे तुम्हाला सांगायला नको होतं, जाऊ दे — तेव्हापासून शेजारणींची कार्टी गोळा करते, झालं. माझ्या दिवाणखान्यात! सकाळी पेपर उचलावा तर पेपराखाली एक रांगतंय. परवा त्या शिंपिणीच्या बाळानं बटण गिळलं. निळं पडलं हो पोर. शिंपीण किंचाळतेय, मी चष्मा शोधतोय — चष्मा डोळ्यावर आणि मी शोधतोय! — आणि सूनबाईनं काय केलं, तर बाळ हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि पाठीवर थाप, थाप, थाप. टुणकन बटण फरशीवर! मग ‘आत्ता डॉक्टरांना दाखवून या’ म्हणून शिंपिणीला दटावलं, आणि लगेच दुसऱ्याचं नाक पुसायला बसली. जसं काही घडलंच नाही. एवढा तोरा बरा नव्हे — तुम्ही लिहिताय काय? हे लिहिण्यासारखं आहे होय? मी तक्रार करतोय, मॅडम!

असो. मुद्द्याचं बोलू. जामीन लागणार, तारण लागणार, आणि घर माझ्या नावावर. मी वाटच बघतोय, कधी येते विचारायला. येईल, समोर उभी राहील, ‘बाबा, सही द्याल का’ म्हणेल. लगेच नसती दिली. चार दिवस ताटकळत ठेवलं असतं. मग दिली असती — दिली असती हो, मी काय राक्षस आहे? आणा तो कागद. कुठं करायची?

नको? नको म्हणजे? सरकार हमी देतं? तारणाशिवाय? आणि माझं घर, माझी सही... वा! सरकार ओळखतं का हो तिला? तापात फणफणलेली असताना पोरांची तोंडं धुणारी बाई सरकारनं पाहिलीय? मी पाहिलीय! बरं, जामीन नको तर राहिलं. जागा तर माझीच ना? उठा, मोजून घ्या, हा दिवाणखाना, ही मागची खोली —

कुठली जागा? दवाखान्याच्या मागची? भाड्यानं? ...आणि वरच्या मजल्यावर राहायचं. राहायचं कुणी?

दोघींनी.

नातसुद्धा?

...नाही, मला कुणी बोललं नाही. विचारलं कुठं मी. मॅडम, अर्जातला तो पत्ता खोडता येतो का हो? इथला घाला. भाडं नको म्हणावं. मी दिवसभर बाहेर जाऊन बसेन, बागेत, कुठंही — म्हाताऱ्याची अडगळ नको असेल तर. तुम्ही सांगता तिला? नको, तुमच्या तोंडून नको. मीच... कसं म्हणतात हो असं? आजवर कधी म्हटलं नाही कुणाला, राहा म्हणून —

ये गं. ह्या बँकेतल्या मॅडम. मी? मी कुठं काय बोललो? बोला तुम्ही दोघी.