सात क्रमांकाचा दगड

प्राध्यापक : दगड धुण्याची परवानगी आपल्याला कोणी दिली?

छात्राध्यापिका : दगड धुवायला परवानगी लागते, असं पाठ टाचणात कुठे छापलेलं नाही, सर.

प्राध्यापक : जे छापावं लागत नाही त्यालाच शिस्त म्हणतात.

(शिक्षणशास्त्र महाविद्यालयाची प्रयोगशाळा. टेबलावर खडकांची लाकडी पेटी, आम्लाची बाटली, मूल्यमापनाचा कागद. नववीच्या वर्गावरचा शेवटचा सराव पाठ नुकताच संपला आहे. प्रयोगशाळेचे परिचर, मामा, कपाट आवरत आहेत.)

प्राध्यापक : वर्षानुवर्षं ही पेटी वर्गात जाते आहे. सात क्रमांक, संगमरवर. आम्लाचे दोन थेंब टाकायचे, फेस येतो, मुलं खूश होतात, घंटा होते. आणि आपण एकेचाळीस मुलांसमोर काय म्हणालात? मला शब्दशः ऐकायचंय.

छात्राध्यापिका : "फेस आला नाही. म्हणजे हा संगमरवर नाही. चिठ्ठी चुकली आहे." तीन वाक्यं. नववीच्या आकलनाला झेपतील इतकी लहान.

प्राध्यापक : ती चिठ्ठी आमच्या गुरुवर्यांच्या हातची आहे. हे महाविद्यालय त्यांनी उभं केलं.

छात्राध्यापिका : अक्षर फार सुंदर आहे. तेवढं वर्गात सांगायचं राहून गेलं.

प्राध्यापक : उपरोध पुरे. आम्ल जुनं झालं असेल.

छात्राध्यापिका : त्याच बाटलीतला थेंब आधी शिंपल्यावर टाकला होता. शिंपला फसफसला. मग सातव्या दगडाने काचेवर रेघ ओढली, ओरखडा उठला. संगमरवराने काचेवर ओरखडा उठत नाही, हे आपल्याच मार्गदर्शिकेत पान बावीसवर आहे. हा क्वार्टझाइट आहे, सर, दिसायला संगमरवरासारखा, पण गारगोटीच्या जातीचा. आठ वर्षं मी खाणींच्या सर्वेक्षणात घालवली. दगडाने मला कधी फसवलं नाही.

प्राध्यापक : मग ते सत्यवादी दगड सोडून इथे कशाला कडमडलात?

छात्राध्यापिका : तिथली माणसं दगड न बघता अहवाल लिहायची. म्हटलं, सुरुवात मुलांपासून करावी. आज कळलं, इथेही उशीरच झालाय. आम्ल पडायच्या आधीच एकोणचाळीस जणांनी वहीत लिहून टाकलं होतं, 'फेस आला.' मार्गदर्शिकेत तसं आहे म्हणून. दोघी तेवढ्या पेन वर धरून दगडाकडे बघत बसल्या होत्या.

प्राध्यापक : म्हणजे त्या दोघींच्या वह्या अपुऱ्या राहिल्या.

मामा : सर, चूक माझी धरा. काल संध्याकाळी मी लवकर घरी गेलो. म्हटलं, सकाळी लावू. तर मी यायच्या आत ताईंनी पेटीतले सगळे दगड नळाखाली घासून ठेवलेले. ताटवाट्या घासाव्यात तसे लख्ख! आणि पेटी वर्गात नेलेली.

छात्राध्यापिका : सकाळी काय लावणार होतात, मामा?

प्राध्यापक : मामा, आपण कपाट आवरा.

मामा : सोडा, ताई. खायचा. सात नंबरवर चोळायचा, दिसेल न दिसेल इतकाच. आम्ल पडलं की असा फेस येतो, असा येतो, की खऱ्या संगमरवराने मान खाली घालावी.

छात्राध्यापिका : आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मामा : मी कपाट आवरतो.

छात्राध्यापिका : सर?

प्राध्यापक : आवाज खाली. तू आज जिथे उभी होतीस, तिथेच मी उभा होतो. माझाही शेवटचा पाठ. दोन थेंब टाकले, काही झालं नाही. मागच्या बाकावर गुरुवर्य. म्हणाले, "पुन्हा टाक." टाकले. "काय दिसतंय?" मी म्हणालो, "फेस येतोय, सर." म्हणाले, "उत्तम." मी त्या वर्षी पहिला आलो.

छात्राध्यापिका : अभिनंदन.

प्राध्यापक : इथे रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात मामांकडून सोडा मागवला. त्यानंतर या वास्तूत एकाही छात्राध्यापकाला खोटं बोलावं लागलेलं नाही. ही दया आहे. तुला कळायची नाही.

छात्राध्यापिका : नाहीच कळायची. चिठ्ठी बदलायला किती वेळ लागला असता?

प्राध्यापक : गुरुवर्य हयात होते.

छात्राध्यापिका : आणि ते गेल्यावर?

प्राध्यापक : तोवर मार्गदर्शिकेच्या सहा आवृत्त्या निघाल्या होत्या. मुखपृष्ठावर तोच दगड आहे. हे बघा, गुरुवारी पाठ पुन्हा घ्या. मुलांना सांगा, आम्ल पातळ झालं होतं. मी इथल्या इथे उत्तीर्णचा शेरा देतो.

छात्राध्यापिका : त्या दोघींना काय सांगू?

प्राध्यापक : त्या शिकतील. सगळेच शिकतात.

छात्राध्यापिका : मला नापास करा, सर.

प्राध्यापक : वर्ष जाईल. त्या शाळेने तुमच्यासाठी जागा धरून ठेवली आहे, ती जाईल. पुढच्या वर्षी वयाची अटही ओलांडाल. कशासाठी? एका धोंड्यासाठी?

मामा : ताई, ऐका की. हात जोडतो. मी घरून ताजा सोडा आणतो. कुणाला पत्ता लागायचा नाही.

छात्राध्यापिका : नको, मामा. लिहा, सर. 'अनुत्तीर्ण.' झालं? आता त्याच्या खालची ओळ.

प्राध्यापक : मला ओळी दाखवू नका.

छात्राध्यापिका : 'कारण. निरीक्षकाने वर्गात स्वतः पाहिलेलेच लिहावे.' हा कागद आपणच छापून घेतलाय. थेंब पडले तेव्हा मागच्या बाकावर आपण होतात. जे दिसलं, ते लिहा.

मामा : सर... पेन चालत नाही का? दुसरं देऊ?

प्राध्यापक : पेन चालतंय, मामा.