बुरशीच्या बावीस बशा

मॅडमच्या घरची मंडळी, सगळे सर, आणि आमच्या उन्हाळी संशोधन वर्गाच्या मुलामुलींनो,

भिंगारदिवे मॅडम जाऊन आठ दिवस झाले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले. वाटलं, रडूच येईल. पण मॅडमबद्दल रडत बोलणं जमायचं नाही, कारण त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं.

आपल्या कॉलेजात हा वर्ग मॅडमनी चालवला. खेड्यातली, घरात पहिल्यांदाच शिकणारी पोरं आणि परदेशातून आलेली पोरं, एकाच टेबलावर. मी कर्जतहून आले. वडील म्हणाले होते, "येवढा उन्हाळा काय करायचं ते कर. मंग लग्नाचं बघू." माझ्या हातात तेवढाच उन्हाळा होता.

आणि पहिल्याच आठवड्यात मी काय केलं? कपाटात काचेच्या बावीस बशा दिसल्या. सगळ्यांत बुरशी. आमच्या घरी लोणच्याला बुरशी आली की बरणी उकळत्या पाण्यानं धुतात. मी बावीसच्या बावीस बशा धुतल्या, लख्ख केल्या, ओळीनं मांडल्या आणि शाबासकीची वाट बघत बसले.

ती बुरशी इद्रिसची होती. हा पुढे बसलाय ना, सुदानचा, तो. प्रयोगासाठी शेतातल्या मातीतून काढून, मी यायच्या आधीपासून दोन महिने जपली होती त्यानं. तो बशांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याला तेव्हा मराठी येत नव्हती, हे माझं नशीब.

घरी परत जायला मी बॅग भरली. मॅडम होस्टेलवर आल्या. वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणतात कशा, "बॅग भरलीस? बरं झालं, मोठी आहे. नव्या बुरशीसाठी माती आणायला हीच नेऊ. तुमचं रान कुठंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं कर्जतला. मॅडम उन्हात उकिडव्या बसून पिशव्यांत माती भरतायत, इद्रिस चिठ्ठ्या चिकटवतोय. वडील बघतच राहिले. "मॅडम, आमच्या मातीत आसं काय हाय?"

"मला नाही माहीत. तुमची लेक शोधेल. पण एका उन्हाळ्यात नाही व्हायचं ते."

वडिलांनी मूठभर माती उचलून निरखून बघितली. मग म्हणाले, "लग्न काय, म्होरल्या साली बी हुतंय."

ते म्होरलं साल अजून उजाडायचंय. मधल्या काळात मी बुरशीवर पीएच.डी. केली.

मी घरी निघाले तेव्हा मॅडमनी मला अडवलं नाही. त्या सोबत आल्या आणि मला परत घेऊन आल्या. असं कोण करतं हो?

उद्या नवी तुकडी येतेय. मॅडमच्या घरच्यांनी निक्षून सांगितलंय, वर्ग थांबवायचा नाही. त्यांच्या टेबलापाशी मी उभी राहणार आहे. खरं सांगते, मला धडकी भरलीय.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. मॅडमना शांतता आवडायची नाही. पोर गप्प दिसलं की जवळ येऊन विचारायच्या, "कुठं अडलंय?"

मॅडम, आज आम्ही सगळेच अडलोय.