टाकीतला झेंडू

हर्षाली : नाही सर, या रिपोर्टवर मी सही करणार नाही. मॉडेल पाण्याने थांबलं नाही, झेंडूने थांबलं.

खैरनार सर : हळू बोल. बाहेर कंपनीची माणसं चहा घेतायत.

हर्षाली : घेऊ देत. त्यांच्याच समुद्रात तरंगणाऱ्या प्लॅटफॉर्मचं मॉडेल आहे. ते टाकीत जरा ओढून सोडायचं, आणि त्याचा हेलकावा पाणी किती लवकर जिरवतं ते मोजायचं. एवढं साधं काम. तुम्ही त्याआधी पूजा केलीत.

खैरनार सर : नवी टाकी, पहिलं मॉडेल. नारळ फोडायचा नाही?

हर्षाली : नारळाबद्दल तक्रार नाही, तो टाकीबाहेर फुटला. पण मॉडेलच्या चारही खांबांना घातलेले झेंडूचे हार पाण्यात तसेच लोंबत राहिले. मी म्हटलं काढू या, तर तुम्ही म्हणालात, पाहुण्यांचे फोटो व्हायचेत.

खैरनार सर : अगं, फुलं ती! फुलांनी काय होतंय?

हर्षाली : हेलकावा निम्म्या वेळात थांबतो. हे होतंय.

खैरनार सर : मग शेवाळ समज. समुद्रात खांबांना शेवाळ, कालवं लागतातच की.

हर्षाली : लागतात. त्याने लाटांचा मारही वाढतो, सर. तो मोजला तेव्हा मात्र फोटो झाले होते, हार उतरले होते. म्हणजे फायदा झेंडूसकट, मार झेंडूशिवाय!

खैरनार सर : नाशकात समुद्र नाही, तरी हे काम आपल्याला मिळालंय. आता त्यांना जाऊन सांगू, हार काढायला विसरलो? हसतील विभागाला.

हर्षाली : हसू देत. त्या प्लॅटफॉर्मवर माणसं झोपणार आहेत. वादळात ते आपण लिहिलंय त्याच्या दुप्पट हललं, तर झेंडू घेऊन कोण जाणार तिथे? तुम्ही?

खैरनार सर : तुझं नाव टाइप झालंय, हर्षाली. नुसती सही राहिलीय.

हर्षाली : मग एक ओळ घालते. 'हेलकावा मोजताना चारही खांबांना झेंडूचे हार होते.' झाली बघा सही.

खैरनार सर : वेड लागलंय का? ही ओळ रिपोर्टात जाणार नाही.

हर्षाली : मग खोडा. आणि खोडलंत तिथे तुमची सही करा.

(सर पेनचं टोपण काढतात. मग ते पुन्हा लावून पेन खिशात ठेवतात.)

खैरनार सर : टाकीतलं पाणी सोडलं नाहीये ना अजून?

हर्षाली : नाही, सर. मॉडेलही आतच आहे.

खैरनार सर : मग त्या लोकांना आणखी एकेक चहा सांग.