साहेबांच्या नावाचा मेल

२०२४ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. घाटकोपरच्या बसथांब्यावर माणिकबाईंच्या पुढे त्यांच्या शेजारची गंधाली आणि तिचे साहेब देवव्रत उभे होते.

“सर, ऑफिसमधली सगळी ऑटोमेशन तपासली. तुमचं एक बंद करावं लागेल.”

“कुठलं गं?”

“कोणी सुतकाची रजा टाकली की तुमच्या नावाने सांत्वनाचा मेल आपोआप जातो, ते.”

“त्यात काय बिघडलं? कोणी राहून तर जात नाही ना!”

“आपल्या टीममधल्या नितेशने त्या मेलला उत्तर दिलं होतं. मार्चमध्ये.”

“मला नाही मिळालं.”

“उत्तरं वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. तुम्हीच तसं लावलंय. ते कोणी उघडलेलंच नाही.”

“काय लिहिलंय?”

“‘सर, काही लागलं तर सांग म्हणालात, म्हणून लिहितो. बाबांच्या बाराव्याला याल? आईला बरं वाटेल.’”

“अरे देवा. आणि तो कामावर आला तेव्हा मी त्याच्याकडे रिपोर्ट मागितला.”

“हो. मी तिथेच होते.”

“त्याला सांगू नकोस गं.”

“मी नाही सांगणार. तुम्ही सांगा, सर.”

पुढचं गंधालीनेच नंतर माणिकबाईंना सांगितलं. रविवारी गंधालीला सोबत घेऊन देवव्रत विक्रोळीला नितेशच्या घरी गेले, खरं सांगायचं ठरवूनच. नितेशच्या आईने चहा पुढे केला.

“तुमचा मेल याने वाचून दाखवला होता. एवढं मायेने दुसऱ्या कुणी लिहिलं नाही हो.”

देवव्रतांनी खाली मान घालून चहा संपवला आणि ते खरं न सांगताच उठले.

गंधालीने ते ऑटोमेशन बंद केलं. नितेश अजून त्याच ऑफिसात आहे. देवव्रतांनी बदली मागून घेतली.